घर बंद, टाकी चालू: वीस-बावीस दिवस कुणी नसताना झिंगे कसे जगतात

आमच्या आईची एक सवय आहे. सोलापूरचं घर बंद करून कुठं जायचं म्हणलं की आधी गॅसचा रेग्युलेटर काढायचा, मग देवापुढचा दिवा शांत झालाय का बघायचं, आणि दारातनं बाहेर पडता पडता मेन स्विच खाली पाडायचा. तीस वर्षांत एकदा चुकलेली नाही. चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी लूम बसवायच्या कामाला तमिळनाडूत करूरला गेलेलो, आई दोन दिवसांनी बहिणीकडं बार्शीला निघाली, आणि माझ्या झिंग्यांच्या काचेच्या टाकीचा फिल्टर, लाईट, हवेचा पंप सगळं त्या एका खटक्यात बंद. अठरा दिवसांनी दार उघडलं तर वासानंच कळलं. पाणी तांदूळ धुतल्यावर असतंय तसं गढूळ, आणि तळाला चाळीसेक झिंगे सुकटीसारखे गुलाबी पडलेले.

वर्षभर मी आईवर खापर फोडत होतो. मग जरा वाचलं, हिशोब मांडला, तेव्हा कळलं की मेन स्विच हे निमित्त होतं, खरा घोळ मी जायच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं घालून ठेवला होता. आता माझं वर्षातनं चार-पाच वेळा वीस-बावीस दिवस बाहेर जाणं असतंय आणि टाकी टिकती. बरेच जण विचारतात कसं काय, म्हणून एकदाच सगळं नीट लिहितो.

आधी झिंगे म्हणजे कुठले ते सांगतो, कारण आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशींनी पहिल्यांदा टाकी बघून "ह्याचं कालवण किती दिवसांनी करायलाव?" असं विचारलं होतं. हे खायचे नाहीत. चेरी श्रिम्प म्हणतात, शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी, मूळचे तैवान-चीनकडचे, गोड्या पाण्यातले. लांबी इंच-सव्वा इंच, आयुष्य एक ते दोन वर्षं. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली चिकटवून तीन-चार आठवडे फिरती, आणि त्यातनं डायरेक्ट मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे छोटे झिंगेच बाहेर पडतात. त्यांना वाढवायला खारं पाणी लागत नाही, घ्यायच्या आधी हे बघा, कारण दुकानात अमानो म्हणून दुसरा एक मिळतो त्याच्या पिल्लांना खारट पाणी लागतंय, त्यामुळं घरच्या टाकीत त्याची संख्या काय वाढत नाही. चेरीची आपोआप वाढती.

आता मूळ गोष्ट. झिंगा खातो, घाण करतो, त्यातनं पाण्यात अमोनिया येतो. एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी असतंय आणि झाडं ते खाऊन टाकतात. हे बॅक्टेरिया पाण्यात नाही, काचेला, रेतीला, फिल्टरच्या स्पंजला, पानांना चिकटून राहतात. विरजणासारखं आहे हे, घाई करून दही लागत नाही. नव्या टाकीत त्यांची फौज तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात, त्यामुळं आज टाकी आणली आणि पुढच्या सोमवारी गावाला चाललोय, असं असेल तर मी सरळ सांगतो, आणू नका, परत आल्यावर आणा.

मी काय केलं होतं? जायच्या आदल्या दिवशी, बिचारे उपाशी राहतील म्हणून, रोजच्या पाचपट खाद्य टाकलं. शिदोरी दिल्यासारखं. आणि टाकी स्वच्छ दिसावी म्हणून अर्धं पाणी बदललं. त्यातही पाच दिवसांनी नळाला आलेलं ताजं पाणी, ब्लीचिंगचा वास येत असलेलं, सरळ पाईपनं. म्हणजे क्लोरीननं बॅक्टेरिया मारले, आणि जे काम वाढवून ठेवलं ते करायला कुणी उरलं नाही. वर आपल्याकडचं पाणी. उजनीचं असो का बोअरचं, जड आणि अल्कलाइन. हे का महत्त्वाचं तर अमोनियाचा विषारी भाग पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी आम्लधर्मी आहे का अल्कलाइन हे सांगणाऱ्या आकड्यावर, ठरतो. पंचवीस डिग्रीला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो, पीएच 8 झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. तीस डिग्रीला अजून वाढतो. म्हणजे तेवढंच सडलेलं खाद्य कोकणातल्या मऊ पाण्यात कदाचित खपून गेलं असतं, सोलापुरात एप्रिलमध्ये नाही. आईनं मेन पाडला नसता तर काही वाचले असते, पण बरेचसे गेलेच असते.

मग खायचं काय, हा प्रश्न येतोच. रांजण महिनाभर घासला नाही तर आतनं बोटाला बुळबुळीत लागतंय ना, तो थर. जीवाणू, शेवाळ, बारीक जीवजंतू यांचा तो थर हेच झिंग्याचं खरं जेवण. दिवसभर पुढच्या दोन पायांनी ते ओरबाडून तोंडात घालत असतात, बघत बसलं की चहा गार होतो. जुन्या, झाडं भरलेल्या टाकीत मोठे झिंगे दोन-तीन आठवडे वरनं काही न टाकता आरामात राहतात. फक्त आपण तो थर घासून काढायचा नाही. मी समोरची काच पुसतो, बाकीच्या तीन काचा हिरव्या राहू देतो. पाहुणे आले की आईला लाज वाटती, पण त्याला इलाज नाही.

त्याच्या जोडीला देशी बदामाचं वाळलेलं पान. बंगल्याच्या कंपाऊंडात, शाळेच्या मैदानात ढिगानं पडलेली असतात, गळून तांबडी-तपकिरी झालेली घ्यायची, झाडावरची हिरवी तोडायची नाहीत. रस्त्याकडेची धुळीची नकोत, आणि जिथं माळी औषध मारतो तिथलीही नकोत. धुऊन, एकदा उकळतं पाणी ओतून टाकायचं. पान हळूहळू कुजतंय, त्यावर थर धरतो, दोन-तीन आठवड्यांत नुसत्या शिरांची जाळी उरती. पंचवीस लिटरला एक पान पुरे. सुट्टीतला फीड ब्लॉक म्हणून जो पांढरा खडा मिळतो तो मी वापरत नाही, एकदम फुटून पडला तर परत तोच अमोनियाचा खेळ.

जाता जाता एक. ऑनलाइन तो बंद काचेचा गोळा दिसतो ना, आत झिंगे, वर्षानुवर्षं उघडायचा नाही म्हणतात. ते झिंगे वेगळे, हवाई बेटांवरचे, निमखाऱ्या पाण्यातले, अतिशय हळू जगणारे. चेरीला बरणीत कोंडून झाकण लावलं तर तो प्रयोग नाही, तो छळ आहे.

टाकी केवढी हवी? छोटी चालती, पण पाच लिटरची बरणी घेऊन महिनाभर गावाला जाऊ नका. माझी दीड फूट बाय एक फूट बाय एक फूट आहे, चाळीस लिटरची, वरनं थोडी मोकळी सोडली की छत्तीस-सदतीस लिटर पाणी. पाणी जास्त असलं की तापायलाही वेळ लागतो आणि बिघडायलाही. सुरुवात दहा-बारा झिंग्यांनी. झाडं म्हणाल तर जावा मॉस भरपूर, एका लाकडाला बांधलेलं अनुबियास, आणि वर तरंगणारी थोडी साल्विनिया. तरंगणारी झाडं पूर्ण पृष्ठभाग झाकणार नाहीत एवढं बघायचं, अर्धं पाणी उघडं पाहिजे, हवा तिथनंच आत जाती. तळ्यातनं झाडं आणायच्या भानगडीत पडू नका. मी एकदा हायड्रिला आणली, त्यातनं चतुराची अळी आली, जाड काडीसारखी दिसती, रोज एक झिंगा कमी व्हायला लागला तरी मला महिनाभर पत्ता नव्हता.

मेन स्विचचं काय केलं, तर आईची सवय बदलायच्या नादाला लागलो नाही. टाकीच बिनविजेची केली. उत्तरेच्या खिडकीपासून चार-पाच फुटांवर ठेवली, उजेड भरपूर पण ऊन अजिबात नाही, झाडं जास्त, झिंगे कमी. दिवसा झाडं ऑक्सिजन देतात, रात्री तीच तो घेतात, म्हणून पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, आणि संख्या कमी ठेवायची ती ह्या पहाटेसाठी. स्पंज फिल्टर लावलात तर उत्तमच, पण त्याच्या भरवशावर संख्या वाढवलीत तर लाईट गेल्यावर पंचाईत. बंद पडून आठवडाभर आत सडलेला फिल्टर परत आल्या आल्या चालू करणं तर अजून वाईट, ती सगळी घाण एका दमात टाकीत येती.

आता सोलापूरचा खरा शत्रू, ऊन. चेरीला अठरा ते सत्तावीस-अठ्ठावीस डिग्री मानवतंय, तीसच्या वर त्रास सुरू. मे महिन्यात बाहेर बेचाळीस, आणि स्लॅबखालचं बंद घर म्हणजे भट्टीच. गरम पाण्यात दोन्हीकडनं मार बसतो: वीस डिग्रीच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीसला साडेसातच, आणि त्याच वेळी झिंग्याच्या अंगातलं सगळं जोरात चाललेलं असतं, त्याला ऑक्सिजन जास्त लागतो.

उपाय माठाचाच. उन्हाळ्यात टाकी स्टँडवरनं काढून आतल्या खोलीत, सगळ्यात खालच्या जागेला, शहाबादी फरशीवर. एका पसरट घमेल्यात दोन विटा, विटांवर सपाट फळी, त्यावर टाकी, घमेल्यात पाणी. टाकीच्या चारी बाजूंनी जुना पांढरा सोलापुरी टॉवेल गुंडाळायचा, त्याची खालची कड घमेल्यातल्या पाण्यात बुडालेली. टॉवेल पाणी वर ओढतो, ते वाळताना काचेतनं उष्णता घेऊन जातं. आपल्याकडची हवा उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत, म्हणून हे इथं चालतंय, मुंबईला एवढं चालणार नाही. खिडकीची एक झडप जाळी लावून उघडी पाहिजे, नाहीतर खोलीच दमट होऊन बसती. माझ्याकडं खोलीत पस्तीस असताना पाण्यात एकोणतीस-तीस राहिलंय. टॉवेल जुनाच घ्या, नवा रंग सोडतो, आणि त्याला सॉफ्टनर लावलेला नको. मुख्य म्हणजे टॉवेलची वरची कड टाकीच्या आत लोंबता कामा नये. लोंबली तर तो टाकीतलंच पाणी वर ओढून बाहेर गाळत बसतो. मला हे कसं कळलं ते पुढं सांगतो.

ह्यात एक छुपा फायदा आहे. वरनं पंखा लावूनही पाणी गार होतं, पण तेव्हा टाकीतलं पाणी आटतं. आटताना नुसतं पाणी जातं, क्षार मागंच राहतात, पाणी तापवायच्या पातेल्याला बुडाशी पांढरा थर धरतो तेच. माझ्या टाकीत पाणी सत्तावीस सेंटीमीटर उंच असतं. उघडी ठेवली तर तीन आठवड्यांत सात सेंटीमीटर सहज उतरतं, म्हणजे टीडीएस, लिटरभर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, 250 असेल तर 340 च्या आसपास जातो. हळूहळू वाढला तर झिंगे सहन करतात. मरतात कधी, तर आपण परत येतो, टाकी रिकामी बघून कळवळतो आणि बादलीभर पाणी एकदम ओततो तेव्हा. झिंगा कात टाकून वाढतो, पाणी एकदम बदललं की कात अवेळी सुटती, नीट निघत नाही, मानेशी पांढरी रिंग दिसती आणि दुसऱ्या दिवशी तो आडवा. म्हणून टॉवेलचं पाणी बाहेरचं आटू द्यायचं, आणि टाकीवर काच ठेवायची, एका बाजूनं इंचभर फट सोडून.

आणि त्या फटीवर जाळी. हे विसरू नका. मासा नसलेलं साठलेलं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण, आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो आणि चेरी काय डासाच्या अळ्या भरवशानं खात नाही. आधीच आपण पाणी चार-पाच दिवसाआड म्हणून बॅरल भरून ठेवणारी माणसं, त्यात बंद घरातनं डेंग्यूचे डास काढून गल्लीत सोडायचे का? जाळी घेताना फक्त ती औषध लावलेल्या मच्छरदाणीची नाही ना बघा, ते औषध झिंग्याला थेट विष आहे. डास पळवायचं लिक्विड मशीन, कॉइल, झुरळाचा स्प्रे, सगळं त्याच घराण्यातलं. गल्लीत धुराची गाडी आली की मी पळत जाऊन टाकी झाकतो, शेजारी हसतात, हसू देत. तसंच तांबं. झिंग्याचं रक्तच तांब्यावर चालतं, पण पाण्यातनं आलेलं जास्तीचं तांबं त्याला मारतं. तुम्ही तांब्याच्या हंड्यातलं पाणी खुशाल प्या, टाकीत घालू नका.

वरनं पाणी भरायला बाटलीची युक्ती आहे, कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यात असती तीच. भरलेली बाटली उलटी करून तिचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीला टेकवून घट्ट बांधायची. पातळी खाली गेली की तोंड उघडं पडतं, एक बुडबुडा आत जातो, तेवढं पाणी बाहेर, परत तोंड बंद. बाटलीत आरओचं किंवा पावसाचं पाणी, कारण क्षार मागं राहिलेलेच आहेत, वरनं अजून क्षार नकोत. पण हिशोब करा: माझ्या टाकीत एक सेंटीमीटर म्हणजे 1.35 लिटर. दोन लिटरची बाटली दीड सेंटीमीटरलाच पुरती. काचेचं झाकण नसेल तर बाटली नुसती शोभेला.

आता शेजाऱ्यांचं. मावशी प्रेमळ आहेत, हाच प्रॉब्लेम आहे. एकदा खाद्याचा डबा त्यांच्याकडं ठेवला होता, रोज चिमूटभर सांगितलेलं. चार दिवसांनी फोन, "बारीक झालेत की रे, चपाती कुस्करून घालू का?" तेव्हापासून डबा कपाटात आणि कपाटाला कुलूप. त्यांना आता एकच काम, दोन दिवसाआड येऊन घमेल्यात तांब्याभर पाणी ओतायचं. घमेल्यात, टाकीत नाही. नळाचं असो, बोअरचं असो, कुठलंही चालतंय, कारण ते आत जातच नाही. माणसाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतंय आणि टाकीला हात लागत नाही.

ह्या सगळ्याची आधी एक रंगीत तालीम करा. घरात असतानाच दहा दिवस टाकीला हात लावायचा नाही, खाद्य बंद, मेन लाइनवरचं सगळं बंद, नुसतं बघायचं. टॉवेलची वरची कड मला ह्या तालमीतच सापडली, सकाळी उठलो तर घमेलं भरून वाहतंय आणि टाकी चार बोटं खाली. करूरला असतो तर काय झालं असतं.

जायच्या आधीचा आठवडा सगळ्यात सोपा, कारण काहीच करायचं नसतं. पाणी बदलायचंच असेल तर सात-आठ दिवस आधी, दहा-पंधरा टक्के, दोन दिवस उघड्या बादलीत ठेवलेलं, म्हणजे साधा क्लोरीन उडून जातो. नवीन झिंगे, नवीन झाड, नवीन औषध, कायच आणायचं नाही. आदल्या दिवशी खाद्य नाही. बदामाचं पान मात्र दहा दिवस आधी टाकलेलं असावं.

परत आल्यावर बॅग तशीच ठेवून पहिल्यांदा नाक टाकीला लावा. ओल्या मातीचा वास असेल तर सगळं ठीक. कुजका असेल तर मेलेले काढा आणि पाणी थोडं थोडं, रोज दहा टक्के असं बदला. तळाला पारदर्शक पांढरं काहीतरी झिंग्याच्या आकाराचं दिसलं तर लगेच रडू नका, ती बहुतेक वेळा कात असती, आतनं पोकळ. मेलेला गुलाबी आणि भरीव दिसतो. कात काढू नका, बाकीचे ती खातात, त्यातलं कॅल्शियम त्यांना परत लागतं. पातळी खाली असेल तर आरओचं पाणी रोज पेलाभर, दिवसातनं दोनदा, असं हळूहळू वर आणा. खाद्य दुसऱ्या दिवशी, आणि नेहमीच्या अर्धं.

गेल्या मे महिन्यात मी बावीस दिवसांनी रात्रीच्या गाडीनं उतरलो, पहाटे घरी. मेन अर्थातच पडलेला. मोबाईलच्या बॅटरीत टाकीत बघितलं तर बदामाच्या पानाची नुसती जाळी झालेली, आणि त्या जाळीवर शिरांएवढी बारीक पिल्लं, मोजायला गेलो तर सत्तावीसच्या पुढं हलायला लागली. मावशी जिन्यातनं खाली आल्या, घमेल्यात तांब्या ओतला, टाकीत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "काय बे, तू नसलास की बरी वाढतात की."